अनुभव सांगा : दुसऱ्याचं भांडं तुमच्या भट्टीत फुटलं तेव्हा

मांजलपूर, धागा काढणारी

गेल्या सोमवारी सकाळी भट्टीचं झाकण उचललं आणि वरच्या फळीवरचा हत्ती गायब. सोंडेचा दोन इंचाचा तुकडा तेवढा ओळखू येत होता, बाकी ठिकऱ्या. त्या ठिकऱ्यांनी शेजारच्या तीन मगांचे कानही उडवलेले. हत्ती सकाळच्या बॅचमधल्या काकांचा. निवृत्त माणूस, नातवाच्या वाढदिवसासाठी तीन रविवार बसून केलेला. पोट भरीव राहिलंय हे मी बघायला हवं होतं. नाही बघितलं. वरून कोरडा, आत ओल, त्यात श्रावणातली हवा.

पाच वर्षं झाली बडोद्यात मातीकामाचे वर्ग चालवतेय. बंगल्याचं गॅरेज, चार चाकं, सात किलोवॅटची इलेक्ट्रिक भट्टी. माझी स्वतःची भांडी दिवाळीच्या आसपास काय ती खपतात. वीजबिल आणि मातीचे पैसे निघतात ते फीमधूनच. लोकांना वाटतं मी दिवसभर चाकावर बसते. प्रत्यक्षात दिवसभर इतरांची भांडी झाकायची, उघडायची, उलटी करायची, रचायची. काही बिघडलं की नाव आपलं.

काकांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी येतील. तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत, काय बोललात, पैसे परत केलेत का, सगळं लिहा. शिकणाऱ्यांनीही लिहा.

सुभानपुरा, भट्टी सांभाळणारा नवरा

बायको शिकवते, मी भट्टी बघतो. नोकरी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत), त्यामुळे थर्मोकपल नि कॉन्टॅक्टर ही आपली भाषा. पहिल्या पावसाळ्यात एका रात्रीत नऊ बाऊल गेले. पाण्याची वाफ झाली की ती जवळजवळ १,७०० पट जागा मागते. मातीच्या भिंतीतून हळू निघाली तर ठीक, नाहीतर भिंत घेऊनच निघते. म्हणून जून ते सप्टेंबर मी भट्टी रात्रभर ९० अंशांवर धरतो, झाकण बोटभर उघडं. सकाळी वरच्या भोकाशी थंड स्टीलची ताटली धरायची. ताटलीवर वाफ धरली तर थांबायचं. त्याच्याही आधीची परीक्षा बायकोची: भांडं गालाला लावायचं, गार लागलं तर ते भट्टीत जात नाही.

आता कबुली. आमचं सगळ्यात महागडं नुकसान ओलीमुळे झालं नाही, माझ्या उतावळेपणामुळे झालं. घरी पाहुणे आले होते, दाखवायची हौस, आतमध्ये २५० अंश असताना झाकण उघडलं. टिंग टिंग असा आवाज येत राहिला, पाहुण्यांना तो फार आवडला. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका बेनच्या मोठ्या ताटाला काठापासून बुडापर्यंत चीर. बायको म्हणाली, फोन तूच कर. केला. त्या बेन हसून म्हणाल्या, "चालशे." पुढच्या महिन्यापासून आल्या नाहीत.

अकोटा

मी नियमच लिहून भिंतीवर लावलाय. कच्चं भांडं भट्टीत फुटलं तर माती आणि एक बैठक माझ्याकडून. बुडाला ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) राहिलं आणि भांडं फळीला चिकटलं तर फळीचे पैसे तुमचे. दुसरा नियम आजवर एकदाही वसूल केलेला नाही, पण लावल्यापासून लोक बुडं पुसायला लागलेत.

आणि निम्म्या तक्रारी फुटण्याच्या नसतातच. स्टोनवेअरची माती ओल्यापासून पक्की होईपर्यंत शेकडा बारा-तेराने आकसते. ओलं असताना दोन बोटं मावणारा कान १,२२० अंशांतून बाहेर आला की जेमतेम पावणेदोन घेतो. "मॅडम, माझा कप बदलला," असं मला तीनदा ऐकवलं गेलंय. आता पहिल्याच दिवशी ओली आणि भाजलेली अशा एकाच मापाने केलेल्या दोन वाट्या शेजारी ठेवून दाखवते.

समा

२०२४च्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदी घरात आली तेव्हा माझा वर्ग तळमजल्यावर होता. गणपती ७ सप्टेंबरला. शाडूच्या कार्यशाळेत सोळा कुटुंबांनी केलेल्या मूर्ती फळ्यांवर वाळत होत्या. पाणी कमरेपर्यंत, ते उतरायला दिवस लागले, त्यात मगर दिसल्याच्या बातम्या, त्यामुळे वरच्या मजल्यावरून खाली पाय ठेवायची सोय नाही. दार उघडलं तेव्हा फळ्यांवर मूर्तींच्या जागी सोळा राखाडी डबकी. सोंडेची तार आणि डोळ्यांसाठी आणलेले मणी तेवढे राहिले होते.

गंमत अशी की एकदा भाजून झालेली, ग्लेझ न लावलेली भांडी जशीच्या तशी. चिखल धुतला, आठवडाभर वाळवली, पुन्हा कामाला. पण भट्टीच्या विटांनी पाणी प्यायलं होतं. तीन आठवडे पंख्यापुढे उघडी ठेवली, मग दोन दिवस बल्ब आत लावून, आणि तरी पहिल्यांदा सुरू करताना मेन स्विचजवळ उभी होते. कंट्रोलर गेला तो गेलाच.

सोळा घरी फोन केले. तेरा जणांनी पैसे नकोत म्हटलं. एक आजी म्हणाल्या, "अगं, बाप्पाने स्वतःच विसर्जन करून घेतलं, आता कशाला रडतेस?" उरलेल्या तिघांना पैसे दिले, त्यात मला राग नाही. आता सगळं पहिल्या मजल्यावर आहे. चाक जिन्याने वर नेणं काय असतं ते विचारू नका.

कारेलीबाग, शिकणारी (वय ६८)

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझा एक मग फुटला आणि शिकवणाऱ्या मुलीने मला सांगितलंच नाही. तिने रातोरात तसाच दुसरा केला, तोच निळा ग्लेझ, बुडाला माझी खूणही कोरली. मी हातात घेतला आणि कळलं. माझ्या हाताला इतकं सरळ येत नाही हो! माझे मग सगळे उजवीकडे कलतात. मी काही बोलले नाही, ती बिचारी किती जागली असेल असं वाटलं. पण तो मग मी वापरत नाही, पेनं ठेवलीत त्यात. काकांना खरं सांगा. नवा हत्ती करून देऊ नका, कृपा करून.

फतेहगंज

एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सला शिकलो, १९५० साली सुरू झालेली ती फॅकल्टी. ज्योत्स्ना भट्ट तिथे अनेक वर्षं सिरॅमिक्स शिकवायच्या. २०२० साली गेल्या. मूळ शिक्षण शिल्पाचं, शिल्पकार शंखो चौधुरींच्या हाताखाली. त्यांची मांजरं आणि घुबडं बघितलेल्या गावात लोक वर्गाला येतात तेच प्राणी करायला, याचं मला नवल वाटत नाही. मुंबईकडे म्हणे चाकावर बसताना वाइन देतात. आपल्याकडे दारूबंदी, म्हणून ताक आणि मांजर.

तांत्रिक एवढंच: प्राणी कधीही दोन अर्ध्या वाट्यांत करायला लावा. पोकळ अर्धी जोडायची आणि सुईने एक भोक पाडायचं. भोक नसलेलं पोकळ पोट मात्र भरीवाइतकंच वाईट नसतं, ओल निघालेली असेल तर ते टिकतं. तरी मी भोक पाडतोच.

रावपुरा

माझा अनुभव फुटण्याचा नाही, फुटलेलं बघण्याचा आहे. नवरात्राआधी जुन्या शहरातल्या एका प्रजापती काकांना वर्गात बोलावलं. ते त्या दिवसांत गरबा करतात, म्हणजे दिवा ठेवायचा भोकांचा घट. आमच्या मुलांना एक किलो माती चाकाच्या मध्यावर आणायला वीस मिनिटं लागतात. काकांनी भलामोठा गोळा गप्पा मारता मारता थापटला, ओला हात ठेवला, झालं. मग त्याच गोळ्यातून एकामागून एक असे सात घट उतरवले, दोऱ्याने कापून.

दोन घट उचलताना एका मुलाच्या हातून चेपले. मुलगा रडकुंडीला आला. काकांनी ते चेपून गोळा केला, बाजूच्या बादलीत टाकला आणि पुढचा घट सुरू केला. बोलणं थांबलं नाही, मुलाकडे बघितलंही नाही. त्यांच्या आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, दर खेपेला काही फुटतंच, ते धरूनच ते हिशोब करतात. आम्ही एकेका मगाला नाव देतो, मग रडतो.

पैशाचं सांगते, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. काकांनी दिवसाचे जे मागितले ते माझ्या एका विद्यार्थ्याच्या महिन्याच्या फीपेक्षा कमी होते. मी दिवसाची जमलेली फी अर्धी-अर्धी केली. त्यांनी मोजली आणि विचारलं, "आटला बधा?" (एवढे सगळे?) पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून फोन केला.

निझामपुरा

जुलै-ऑगस्ट वर्ग बंद, नवरात्रात नऊ दिवस कोणी येतच नाही म्हणून तेव्हाही बंद. सुखी आहे.

मांजलपूर, धागा काढणारी

सगळ्यांचं वाचलं. कारेलीबागच्या काकू, तुमचा प्रतिसाद येईपर्यंत माझ्या टेबलावर दुसरा हत्ती अर्धा झाला होता. खरंच. मोडला आणि माती बादलीत टाकली.

रविवारी काका आले. मी सोंडेचा तुकडा कागदात गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की चूक माझी, पोट बघायला हवं होतं. त्यांनी तुकडा उलटसुलट केला. म्हणाले, "सोंड चांगली जमली होती, नाही?" मग खिशात टाकला. महिन्याचे पैसे परत द्यायला गेले तर म्हणाले, त्यापेक्षा माती दे.

ज्यांच्या मगांचे कान गेले त्यांच्यातल्या दोघांनी नवे करायला घेतलेत. तिसरी म्हणते, कानाशिवायचा वाडगा म्हणून चालेल, तुटलेल्या जागा घासून द्या.

हत्ती दोन वाट्यांत केला. वाट्या जोडून झाल्यावर काकांना सुई दिली आणि म्हटलं, आता भोक पाडा. त्यांनी चष्मा वर केला, हत्ती फिरवून फिरवून बघितला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "कुठे?" सगळी बॅच फिस्सकन हसली. शेवटी शेपटीच्या खाली पाडलं.

वर्तमानपत्राखाली ठेवलाय. वाढदिवस २३ तारखेला आहे, नातवाला सांगून झालंय की हत्ती चालत येतोय, उशीर होईल. आज सकाळी गालाला लावून बघितला. अजून गार लागतोय.