पोर्ट फॉरवर्डिंग : आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून?

खटपट्या
दोन शनिवार-रविवार राउटरच्या सेटिंगमध्ये घालवलेत, त्यामुळे जरा तावातच लिहितोय. कुडाळला आई-बाबांकडे कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आहे, तो मला पुण्यातून बघायचाय. डीव्हीआरला राउटरमध्ये १९२.१६८.१.५० हा पत्ता कायमचा बांधून दिला, ८००० नंबरचा पोर्ट त्याच्याकडे वळवला (म्हणजे बाहेरून त्या नंबरच्या दारावर आलेली हाक डीव्हीआरकडे पाठव, असा नियम राउटरला दिला), राउटर तीनदा बंद-चालू केला. बाहेरून तपासावं तर पोर्ट बंदच.

शेवटी स्टेटसच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहिला. १००.७२ ने सुरू होणारा! आणि 'माझा आयपी कोणता' सांगणारी साइट दाखवते भलताच. म्हणजे आमच्या राउटरच्या डोक्यावर इंटरनेट कंपनीचा आणखी एक नॅट (एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवणारी सोय) बसलाय : सीजीनॅट. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला. एकच जाहीर पत्ता अनेक घरांत वाटलेला. बाहेरून आलेली हाक कुणाच्या दारात न्यायची, हे वरच्या यंत्राला कोण सांगणार? माझ्या राउटरमधला नियम तिथवर पोचतच नाही.

कंपनी म्हणते, स्टॅटिक आयपी (फक्त आपला, कायमचा पत्ता) घ्या, दरमहा वेगळे पैसे. घेईनही. पण जोडणी देतानाच हे सांगायला काय होतं? सामायिक सातबाऱ्याची जमीन विकतानासुद्धा सांगतात.

कडीकोयंडा
नाही सांगत. अनुभव आहे. :)

बाकी असहमत. सीजीनॅटने तुमच्यावर उपकारच केलेत. २०१६ सालचं मिराई नावाचं घुसखोर सॉफ्टवेअर आठवतंय? कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर हेच त्याचं सैन्य होतं. त्याच ऑक्टोबरात, साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डिन कंपनीवर त्या सैन्याचा हल्ला झाला आणि अमेरिकेत कित्येकांना ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेना. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने क्यूनॅप कंपनीच्या, नेटवर जोडलेल्या डिस्कपेट्यांतल्या फायली कुलूपबंद केल्या, तेव्हा पोर्ट फॉरवर्डिंग बंद करा असं खुद्द क्यूनॅपनेच सांगितलं होतं. 'कुडाळात कोण येतंय' म्हणू नका. झेडमॅप नावाचं साधन २०१३ पासून आहे. चांगल्या जोडणीवर आयपीव्ही४ चं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचं, अख्खं जग पाऊण तासाच्या आत चाचपतं.

खटपट्या
म्हणजे चोर येतील म्हणून गावाला रस्ताच नको? आणि तुम्ही सुरक्षावाले नेहमी सुचवता तो वायरगार्ड (घरापर्यंत खासगी बोगदा काढणारं व्हीपीएन) घरी बसवायचा म्हटला तरी यूडीपी प्रकारचा एक पोर्ट उघडावा लागतोच की.

कडीकोयंडा
लागतो. पण ओळखीची किल्ली नसेल तर तो उत्तरच देत नाही. चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. डीव्हीआर सरळ लॉगिनचं पान पुढे करतो. दोन्ही एका तागडीत कसे घालता?

जुना वायरमन
तुमचं चालू द्या. वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की ऊठसूट सीजीनॅटवर खापर फोडू नका. माझ्याकडे वॅन आयपी १९२.१६८ चा दिसत होता. तो कंपनीचा सीजीनॅट नव्हता. फायबरचा डबा स्वतःच राउटर होऊन बसलेला आणि माझा राउटर त्याच्या मागे. डबा ब्रिज मोडवर (स्वतः राउटर न होता जोडणी नुसती पुढे देण्यावर) टाकून घेतला, पाच मिनिटांत काम झालं.

मेहुण्याचं तर याहून भारी. घरच्याच वायफायवर बसून घरचाच बाहेरचा पत्ता उघडायचा आणि म्हणायचा, चालत नाही. बरेच राउटर आतून निघून परत आत वळू देत नाहीत. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघ म्हटलं, तर आदल्या दिवसापासून चालूच होतं!

सहावी आवृत्ती
कंपनीवर एवढं चिडण्यात अर्थ नाही. आयपीव्ही४ चे पत्ते आहेतच जेमतेम ४३० कोटी, आणि मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. कंपनी आणणार कुठून? आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, कितीतरी मोठी पद्धत) मिळतंय का बघा, तिथे नॅटची भानगडच नाही. फायरवॉलमध्ये वाट दिली की झालं.

खटपट्या
मिळतंय. पण कंपनीच्या राउटरात त्या फायरवॉलला हात लावायची सोय नाही, आणि आमच्या डीव्हीआरला आयपीव्ही६ ठाऊकच नाही. पत्ते नाहीत ही अडचण मान्य. पण माझी तक्रार पत्ता न दिल्याची नाहीच, न सांगितल्याची आहे.

कडीकोयंडा
मग टेलस्केल (आपली यंत्रं खासगी जाळ्यात जोडणारं ॲप) टाका. दोन्हीकडून जोडणी बाहेरच जाते, त्यामुळे सीजीनॅट आडवा येत नाही. त्याचे पत्तेही १००.६४ च्याच पट्ट्यातले असतात, दचकू नका.

खटपट्या
डीव्हीआरवर ते चढत नाही. घरात सतत चालू राहणारं दुसरं यंत्र हवं. पावसाळ्यात लाइट गेली की जुना लॅपटॉप बॅटरी संपून झोपणार, आणि मग बाबांना फोनवर 'ते गोल बटण दाबा' सांगत बसायचं.

जुना वायरमन
रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) ठेव, त्यावर टेलस्केल चढव. लाइट आली की आपसूक सुरू होतो. डीव्हीआरच्या बाजूलाच, त्याच राउटरला वायरने. आणि डीव्हीआरचा पासवर्ड बदललास का?

खटपट्या
...आत्ता बाबांकडून बदलून घेतला. पाय मागवलाय, गणपतीला गावी गेलो की जोडतो. तोवर बाबा रोज संध्याकाळी टीव्हीवर कॅमेरे लावून त्याचा फोटो काढतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. एकही पोर्ट न उघडता पोचतो.