तरोटा आणि बांबू : दोन्हींना वेळ द्यावा लागतो

वर एका सदस्यांनी विचारले आहे की नागपूरजवळच्या एखाद्या गावी दोन दिवस राहून टोपली विणणे आणि रानभाज्या ओळखणे, दोन्ही शिकता येईल का. टोपलीची तोंडओळख होईल. मात्र बुरूड कारागिरांकडे बसल्यावर लक्षात येते की खरे कौशल्य विणण्याच्या आधीचे आहे. कोवळ्या बांबूला कीड लवकर लागते, म्हणून साधारण तीन वर्षांचा पक्व बांबू निवडावा लागतो, आणि कोयत्याने उभा चिरून काढलेल्या कामट्या सारख्या जाडीच्या नसतील तर बूडच डगमगते. नवख्याने सुपाचा हट्ट धरू नये, साधी दुरडी घ्यावी.

रानभाज्यांबाबत मात्र मी घाई करू देणार नाही. पावसाच्या पहिल्या सरींनंतर उगवणारा तरोटा (टाकळा) आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचा, तरी त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा त्याच्याच शेजारी वाढतो आणि कासविंद्याच्या बिया विषारी असतात. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असून त्यांची टोके गोलसर असतात. कासविंद्याच्या जोड्या अधिक आणि टोके अणकुचीदार. काटवल (कर्टोली), वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) ओळखणे त्या मानाने सोपे आहे. सात्या, म्हणजे रानातल्या अळिंब्या, गावातल्या जाणत्या बाईने स्वतः निवडून दिल्याशिवाय शिजवू नयेत, छायाचित्रावरून तर मुळीच नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या संरक्षित क्षेत्रात काहीही तोडता येत नाही, त्यामुळे शेताचे बांध आणि गावशिवार हीच शिकण्याची जागा धरावी.