रात्री व्हॅलोरंट गेममध्ये पिंग उड्या मारतो, 200 चा प्लॅन घेऊ का?

पिंगपीडित_सांगली
घर सांगलीत, विश्रामबागला. फायबर, प्लॅन 100 एमबीपीएसचा. स्पीड टेस्ट 95 च्या आसपास दाखवते. तरी रात्री जेवणं झाली की गेमच्या मुंबई सर्व्हरवर पिंग (डेटा जाऊन परत यायचा वेळ) 22 मिलिसेकंदांवरून थेट 180, मग परत 22. समोरचा दिसतो तिथं तो नसतोच, आणि मी केव्हाच मेलेलो असतो. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागं, कॉम्प्युटर आतल्या खोलीत, मध्ये दोन जाड भिंती. नेटवाल्याला फोन केला तर म्हणाला, 200 चा प्लॅन घ्या. बाबा पैसे देतील, पण एकदाच. काय करू?

रात्रपाळी
गेमिंग व्हीपीएन घे, तो डेटा दुसऱ्या रस्त्यानं नेतो. माझा पिंग त्यानं कमी झाला. 200 पण घेऊन टाक, हाय काय त्यात.

वायरवाला_इचलकरंजी
भावा, 200 चा प्लॅन घेऊ नकोस. घरोघरी केबल ओढणं हाच माझा धंदा आहे आणि हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. खेळताना गेमला एक एमबीपीएससुद्धा लागत नाही. त्याला हवं असतं ते डेटाचं पाकीट वेळेवर जाणं-येणं. फायबरमधून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर पळतो. सांगली ते मुंबई जाऊन-येऊन हिशेबानं चार-पाच मिलिसेकंद झाले, वाटेतली यंत्रं धरून तुझे 22 एकदम रास्त आहेत. 180 होतात ते बहुतेक तुझ्या घरातच.

आधी ते कुठं होतात ते बघ. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघड. एकीत टाइप कर ping 192.168.1.1 -t, म्हणजे तुझा राउटर (पत्ता वेगळा असेल तर ipconfig टाइप केल्यावर डिफॉल्ट गेटवेसमोर दिसेल). दुसरीत ping 8.8.8.8 -t, म्हणजे घराबाहेरचा गूगलचा सर्व्हर. दोन्ही चालू ठेवून खेळ. गेमच्या व्हिडिओ सेटिंगमधल्या स्टॅट्समध्ये नेटवर्क आरटीटी (म्हणजे पिंगच) आणि पॅकेट लॉस (हरवलेली पाकिटं) हेही चालू कर. झटका बसला की दोन्ही खिडक्या बघ. राउटरचाच आकडा उडाला तर दोष वायफायचा. राउटर शांत आणि बाहेरचा उडाला तर पुढचं बोलू.

व्हीपीएनबद्दल: कंपनी तुझा डेटा मुंबईऐवजी भलत्याच गावावरून फिरवत असेल तर त्याचा उपयोग होतो, नाहीतर वाटेत आणखी एक थांबा वाढतो. रात्रपाळींचं तसंच असेल, म्हणून त्यांना फरक पडला. तुझा पिंग एरवी 22 आहे, म्हणजे रस्ता सरळच आहे.

पिंगपीडित_सांगली
बघितलं. राउटरचाच आकडा 3 वरून 140 वर जातोय! म्हणजे वायफाय. पण कधीकधी राउटर 3 वरच असतो आणि 8.8.8.8 मात्र 200 च्या वर. दोन रोग आहेत का?

वायरवाला_इचलकरंजी
दोनच. पहिल्यावर औषध एकच, केबल. वायफाय 5 गिगाहर्ट्झच्या बँडवर टाकून बघ म्हणणारे भेटतील, पण दोन जाड भिंतींपलीकडं तो बँड दम तोडतो, आणि 2.4 वर शेजारच्या सगळ्या घरांची गर्दी. कॅट 6 प्रकारची नेटवर्क केबल घे, आतली तार शुद्ध तांब्याची. स्वस्तातली असते ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, जॅक मारताना तुटते. दाराच्या चौकटीकडेनं केसिंग पट्टीतून ने, म्हणजे घरच्यांची कटकट नाही. जोडल्यावर विंडोजमध्ये लिंक स्पीड बघ. 1000 ऐवजी 100 दिसला तर आठातली एखादी तार नीट बसलेली नाही. गेमला 100 सुद्धा चालतो म्हणा, पण जॅक मारणाऱ्याकडून परत मारून घे, पैसे दिलेत की.

दुसरा रोग अपलोडचा, म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या डेटाचा. तुझा अपलोड किती आहे? आणि रात्री कोणाचा मोबाईल चार्जिंगला लागतो?

पिंगपीडित_सांगली
अपलोड 20 च आहे. ताईचा मोबाईल. दिवसभर फोटो आणि रील्स काढते.

वायरवाला_इचलकरंजी
सापडलं. तिचा फोटो बॅकअप चार्जिंगला लावल्यावर सुरू होत असणार. एसटीच्या दारात कोणी वीस पोती चढवत असेल तर एक पिशवीवाल्यालाही थांबावं लागतं, तसं तुझं पाकीट राउटरच्या रांगेत उभं राहतं. ह्याला बफरब्लोट म्हणतात. स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यात तो दिसत नाही, कारण ती वेग मोजते, रांग नाही.

फुकटातला उपाय म्हणजे तू खेळतोस तेवढ्या वेळात ताईनं बॅकअप थांबवायचा. तुझ्या विंडोजमध्येही डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन बंद कर, नाहीतर तुझी मशीन दुसऱ्यांना अपडेट वाटत बसू शकते. विकतचा उपाय म्हणजे एसक्यूएम (रांग आवरायची सोय) असलेला राउटर. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं फुकट सॉफ्टवेअर) चालणाऱ्या राउटरवर केक नावाची रांग लावता येते. अपलोडची मर्यादा 20 ऐवजी 17-18 ठेवायची, म्हणजे रांग त्याच्या ताब्यात राहते आणि गेमची पाकिटं पुढं सरकतात.

पिंगपीडित_सांगली
केबल ओढली. राउटरचा पिंग 1 च्या आत. ताईनं बॅकअप बंद ठेवला त्या रात्री 22 चा 24 सुद्धा झाला नाही. पण तिला रोज सांगणं म्हणजे भांडण आहे. बाबांचे पैसे राउटरला लावू?

वायरवाला_इचलकरंजी
लाव. घेण्याआधी ते मॉडेल ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे का बघ. डब्यावर नुसतं 'गेमिंग' लिहिलेलं आणि शिंगांसारख्या अँटेना असलेलं काही उचलून आणू नकोस.

रात्रपाळी
आमच्याकडं पण 8.8.8.8 च उडतंय. व्हीपीएन बंद करून बघतो आज.