अंकांची अदलाबदल: समीकरणातून २७ = ० का येतं?

प्रश्न:
दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ११ आहे. संख्येत २७ मिळवले तर अंकांची अदलाबदल होते. दशकाचा अंक क्ष आणि एककाचा य मानून मुलं क्ष + य = ११ बरोबर लिहितात. पुढे मात्र क्षय + २७ = यक्ष असं मांडतात आणि २७ = ० वर अडकतात. हे कसं समजवावं?

प्रतिसाद १:
अडचण स्थानिक किमतीची आहे. ४७ मध्ये ४ ची दर्शनी किंमत ४, पण स्थानिक किंमत ४०. आकडे लिहिताना हा १० चा गुणाकार जागेमुळे आपोआप मिळतो. अक्षरं शेजारी लिहिली की त्यांचाच एकमेकांशी गुणाकार होतो; क्ष × य आणि य × क्ष सारखेच, म्हणून २७ = ० येतं. त्यामुळे १० आपणच लिहायचा: मूळ संख्या १०क्ष + य, अदलाबदलीनंतर १०य + क्ष.

१०क्ष + य + २७ = १०य + क्ष
९य − ९क्ष = २७
य − क्ष = ३

यात क्ष + य = ११ मिळवा. २य = १४, य = ७, क्ष = ४. संख्या ४७. ताळा: ४७ + २७ = ७४.

अक्षरांआधी ४७ = १० × ४ + ७ अशा पाच-सहा संख्या फोडून घ्या. ही पायरी गाळली की नुसतं सूत्र पाठ होतं.

प्रतिसाद २:
वरच्या उत्तरात भर. दोन अंकी संख्या आणि तिची उलट संख्या यांतला फरक नेहमी ९ च्या पटीत असतो आणि बेरीज ११ च्या. उदाहरणात फरक २५ दिसला, तर आधी उदाहरण पुन्हा वाचा. शिवाय नुसत्या य − क्ष = ३ ने १४, २५, ३६, ४७, ५८, ६९ या सहाही संख्या चालतात; एक ठरते ती बेरजेच्या अटीमुळे.

कंसही फार सुटतो. ‘संख्या अंकांच्या बेरजेच्या चौपट’ म्हणजे १०क्ष + य = ४(क्ष + य). कंस नसेल तर चौपट फक्त क्ष ची होते.

प्रश्नकर्ता:
तीन अंकी संख्येलाही हेच?

प्रतिसाद १:
हो, १००अ + १०ब + क. उलटवून वजा केलं की ९९(अ − क) उरतं, ब निघून जातो. त्यामुळे मधल्या अंकासाठी वेगळी अट लागतेच. आणि कुठलाही अंक १२ किंवा ३.५ आला, तर आकडेमोड तपासण्याआधी मांडणी तपासा.