हंगामाआधी मादीचा आवाज काढून टर्की शोधण्याचा सल्ला कृपया देऊ नये

सस्क्वेहानाकाठी:
‘पहाटपाखरू’ यांनी वसंतातील टर्की पक्ष्याच्या शिकारीच्या हंगामाच्या तयारीविषयी गेल्या आठवड्यात येथे सल्ला दिला. मार्चच्या मध्यापासून रोज पहाटे जंगलात जावे, बॉक्स कॉलवर (घासून आवाज काढायच्या लाकडी पेटीवर) मादीचा आवाज काढावा, नर कोठून उत्तर देतात ते नकाशावर टिपावे आणि पहिल्या दिवशी तेथेच जाऊन बसावे, असे त्यांनी लिहिले आहे. त्याखालचे कौतुकाचे प्रतिसाद वाचल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

पेनसिल्व्हेनियात वसंत हंगामात केवळ दाढी (छातीवर लोंबणारा केसांसारखा झुपका) असलेला पक्षी मारता येतो, आणि तोही आवाजाने बोलावूनच. लपतछपत पक्ष्याच्या मागे जाणे येथे कायद्याने निषिद्ध आहे. म्हणजे शिकाऱ्याचे मुख्य साधन मादीचा आवाज हेच, आणि ते हंगामापूर्वीच बोथट करून ठेवण्यास आपण सांगता. नर त्या आवाजाकडे येतो, मादी कोठेच दिसत नाही, दिसतो तो हातात पेटी घेतलेला मनुष्य. असे चारदा झाले की तो झाडावरूनच काय ते बोलतो आणि खाली उतरल्यावर मुका होतो. स्टेट गेम लँड्सवर (राज्याच्या मालकीच्या, शिकारीसाठी सर्वांना खुल्या जमिनींवर) हे घडते तेव्हा नुकसान तुमच्या एकट्याचे होत नाही. आमच्या भागातील एका डोंगरधारेवर गेल्या वसंतात कोणी गृहस्थ रस्त्यावर गाडी उभी करून, खिडकीची काच खाली घेऊन रोज हा उद्योग करीत असत. हंगाम उघडला तेव्हा सारे गॉबल (नराची गडगडती साद) पलीकडच्या खाजगी शेतातून ऐकू येत होते.

टेहळणी कानांनी करावी. उजाडण्यापूर्वी रातथाऱ्यापासून (पक्षी रात्री ज्या झाडांवर झोपतात तेथून) दूर, उंचावर उभे राहावे. फार शांतता असल्यास घुबडाचा घुत्कार किंवा कावळ्याची काव काव करावी. नर त्याला दचकून उत्तर देतो (गाडीचा दरवाजा आपटला तरी देतो), पण जागेवरून हलत नाही. खुणा पाहायच्या असतील तर पक्षी चरायला दूर गेल्यावर पाहाव्यात: मधले बोट लांब असलेली नराची पावले, इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी त्याची विष्ठा, पिसारा फुलवून चालताना पंख घासल्यामुळे धुळीत उमटलेल्या रेघा, धूळस्नानाचे खळगे. आणि मार्चमधील नकाशावर फार विसंबू नये. हिवाळी थवे त्यानंतर फुटतात, आणि मार्चमध्ये भरलेले शेत मे उजाडेपर्यंत रिकामे झालेले असते.

पहाटपाखरू:
आपले विवेचन वाचून आपल्याकडील टर्की पदव्युत्तर शिक्षण घेत असावेत असे वाटले. एप्रिलभर जंगलात खऱ्या माद्याही साद घालीत असतात. नराने गॉबल करावे आणि मादीने त्याच्याकडे चालत यावे, ही या पक्ष्याची मूळ रीत आहे. त्यामुळे आवाज आला आणि मादी सापडली नाही, हा अनुभव नराला आयुष्यभर येतच असतो. मी काढलेल्या चार हाकांनी त्याच्यावर कोणता आघात होणार आहे? माझ्या पद्धतीने मला पक्षी मिळाले आहेत, एवढे सांगून थांबतो.

ब्रॅझोसकाठी:
दोघेही पूर्वेकडच्या पक्ष्याविषयी बोलत आहात आणि नियम मात्र साऱ्या टर्कींना लावत आहात. टेक्सासमध्ये आमच्याकडे रिओ ग्रांदे टर्की असतात. झाडे कमी, ती नदी-ओढ्यांच्या काठाने, आणि पक्षी वर्षानुवर्षे त्याच झाडांवर रात्री झोपतात. रातथारा सापडला की टेहळणी संपली. घुबड नको आणि पेटीही नको. आमचे खरे दुखणे निराळे आहे. येथील नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी असल्यामुळे शिकारीसाठी भाडेपट्टा घ्यावा लागतो. आमच्या चौघांच्या गटाने ज्या जागेची घडी बसवली, ती मालकाने दर वाढवून दुसऱ्यांना दिली, आणि आम्ही शोधून काढलेल्या झाडांखाली आता ते बसतात. स्टेट गेम लँड्सवर फुकट फिरणाऱ्यांनी कोणाच्या पेटीने कोणाचा पक्षी बिघडला याचा हिशोब करावा, हे ऐकून हसू येते.

सस्क्वेहानाकाठी:
फुकट नव्हे, परवान्याचे पैसे भरून. शिवाय आपल्याकडे बहुतेक भागांत मका टाकून पक्षी जमवता येतो. आमच्याकडे तो गुन्हा आहे. मका टाकणाऱ्याने टेहळणीविषयी कितपत बोलावे, हे आपणच ठरवावे.

दुर्बीणवाली:
मी शिकार करीत नाही, तरी या विषयाशी माझा संबंध तुम्हीच जोडला आहे. मी पक्षी पाहते आणि नोंदी ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या खुल्या संकेतस्थळावर टाकते. गेल्या एप्रिलमध्ये एका तळ्याकाठी पिसारा फुलवलेले नर दिसले, ते मी जागेसह नोंदवले. पुढच्या शनिवारी तेथे गाड्या उभ्या होत्या आणि त्यांतील एक सद्गृहस्थ फोनवर माझीच नोंद उघडून मला विचारत होते की पक्षी कोणत्या बाजूने येतात. ही टेहळणी म्हणावयाची की दुसऱ्याच्या वहीतून नक्कल?

पहाटपाखरू:
ताई, नोंद आपण सर्वांसाठी खुली ठेवली होती आणि त्यांनी ती वाचली. यात नक्कल कोठे आली? पहाटे थंडीत उभे राहण्यापेक्षा घरी बसून नोंदी चाळणे पक्ष्यांनाही कमी त्रासाचे आहे. सस्क्वेहानाकाठच्या महोदयांना तर हे आवडायला हवे.

दुर्बीणवाली:
खुली होती ती पक्ष्यांच्या अभ्यासासाठी. ज्या जातींना धोका आहे त्यांच्या जागा ईबर्ड स्वतःच झाकते. टर्की त्या यादीत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आता मी वसंतातील नोंदी लपवून ठेवते. हंगाम संपला की खुल्या करीन. तोवर तुमची सोय बंद, आणि माझ्यासारख्या पक्षीनिरीक्षकांचीही, याचे वाईट वाटते.

ब्रॅझोसकाठी:
थोडा इतिहासही पाहावा. विसाव्या शतकाच्या आरंभी हा पक्षी बहुतेक राज्यांतून नाहीसा होत आला होता. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला, आणि एका राज्यातले पक्षी जाळ्यात धरून दुसऱ्या राज्यात सोडण्यात आले, तेव्हा कोठे तो परतला. तुमच्या तळ्याकाठचा नर शिकाऱ्यांच्या पैशावर तेथे उभा आहे. त्यांनी त्याचा पत्ता विचारला तर एवढा राग कशाला?

दुर्बीणवाली:
हा दाखला दर वेळी येणार हे गृहीत धरले होते. तो कर घरात संरक्षणासाठी पिस्तूल ठेवणारेही भरतात, निव्वळ नेमबाजी करणारेही भरतात. ते सारे तळ्याकाठी येऊन माझी वही मागत नाहीत. कर भरला म्हणून दुसऱ्याचे श्रम आपले होतात, हे तर्कशास्त्र तुमच्या त्या जमीनमालकाला सांगून पाहा. त्यानेही तुमची शोधलेली झाडे दुसऱ्यांना दिली, तेव्हा मात्र तुम्हाला दुखले.

ब्रॅझोसकाठी:
हे लागले. उत्तर सध्या नाही.

गोचीडग्रस्त:
मूळ विषयावर थोडे लिहितो. टेहळणीची एवढी चर्चा झाली, पण गोचिडीचे नाव कोणी काढले नाही. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या रानात पालापाचोळ्यावर तासभर बसणे म्हणजे लाइम रोगाला आमंत्रण आहे. मला तो झाला, सांध्यांनी महिनोन् महिने छळले, आणि प्रथम ज्या दवाखान्यात गेलो तेथे वयोमानाने होते असे सांगून परत पाठवले. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारा, विजारीचे पाय मोज्यांत खोचा, घरी आल्यावर अंग तपासा. त्यानंतर खुशाल घुबडाचा आवाज काढा नाहीतर कोकिळेचा.

सस्क्वेहानाकाठी:
गोचिडीविषयी पूर्ण सहमत. आता पहाटपाखरू यांच्याकडे परत येतो. जॉर्जिया विद्यापीठात मायकेल चेंबरलेन आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे जंगलात ध्वनिमुद्रक लावून गॉबल मोजत आले आहेत. शिकार सुरू झाली की गॉबलचे प्रमाण घसरते, हे त्यांच्या कामातून पुढे आले आहे. पक्षी शिकत नाही असे म्हणणाऱ्याने याचे उत्तर द्यावे.

पहाटपाखरू:
उत्तर आपल्याच वाक्यात आहे: ‘शिकार सुरू झाली की’. ज्या नरांनी गॉबल केले ते मारले गेले, उरलेले बंदुकीच्या आवाजाने दबले. यातून माझ्या मार्चमधील पेटीचा दोष कसा सिद्ध होतो?

सस्क्वेहानाकाठी:
केवळ हाकेचा परिणाम त्यातून वेगळा काढता येत नाही, एवढे मान्य करतो. अधिक मागू नये. परंतु माणसाच्या वावराने पक्षी गप्प होतो, हे त्यातून दिसतेच, आणि आपण तो वावर मार्चपासून सुरू करता. दक्षिणेत टर्कींची संख्या घटल्यावर टेनेसीने 2023 मध्ये हंगामाचा आरंभ दोन आठवडे पुढे नेला. माद्यांचे मीलन आणि अंडी घालणे आधी निर्वेध व्हावे, हा त्यामागचा विचार होता. राज्य सरकार नराला चार दिवस निवांत मिळावे म्हणून धडपडते आणि आपण त्याच दिवसांत खोट्या हाका मारण्याचा वर्ग चालवता. मादी अठ्ठावीस दिवस जमिनीवर अंडी उबवते. आपले बूट कोठे पडतात याचा विचार निदान एप्रिलअखेरीस करावा.

दुर्बीणवाली:
शिकाऱ्याच्या लेखणीतून आलेले हे पहिले वाक्य, ज्याला मी विनाअट अनुमोदन देते. झाडांवर बांधलेल्या, प्राणी जवळ आला की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांविषयीही असेच काही लिहा. ॲरिझोनाने 2022 पासून शिकारीसाठी ते वापरण्यास बंदी घातली, तेव्हा तेथील शिकारी टेहळणी करणे विसरले असे ऐकिवात नाही.

पहाटपाखरू:
कॅमेरे मी काढणार नाही. पेनसिल्व्हेनिया म्हणजे ॲरिझोना नव्हे. राहिली पेटी. स्टेट गेम लँड्सवर ती हंगामापर्यंत गाडीतच ठेवीन, कारण तेथे दुसऱ्यांचाही हक्क आहे, हा मुद्दा मला पटला. टर्कीला स्मरणशक्ती असते हा नाही. स्नेह्याच्या शेतावर मात्र मला हवे ते करीन, आणि तेथला पक्षी हंगामात मुका निघाला तर सस्क्वेहानाकाठच्या महोदयांनी ‘मी सांगितले होते’ असे येथे लिहिण्याची जागा आत्ताच राखून ठेवावी.

सस्क्वेहानाकाठी:
राखली. शेताच्या कुंपणापलीकडे कोणाची जमीन आहे, तेवढे आधी कळवावे.