जि.प. + विद्यापीठ विभाग + खासगी कॉलेज असा एकत्र प्रकल्प: फाईल नेमकी कुठून सुरू करायची?

सिव्हिल_स्टाफरूम (प्रश्न)

नमस्कार. आमचं अभियांत्रिकी कॉलेज (खासगी संस्थेचं), विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आणि जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, असं तिघांनी मिळून ४० गावांच्या नळयोजनांचा अभ्यास करायचा आहे. उद्भव (योजनेचा पाण्याचा स्रोत) कोणत्या महिन्यापर्यंत पुरतो, शेवटच्या नळाला दाब किती, वीजबिल किती, पाणी पिण्याजोगं आहे का, एवढंच. खर्च साधारण ९ लाख. माणसं तयार आहेत, कागद हलत नाही. विद्यापीठ म्हणतं जि.प.चं पत्र आणा, जि.प. म्हणते आधी सामंजस्य करार दाखवा, आणि आमचं व्यवस्थापन विचारतं की पैसे कोणाच्या खात्यात येणार. करार, निधी, परवानगी यांचा क्रम काय ठेवायचा? आणि यात प्राध्यापकांच्या पदरात काय पडतं, हा प्रश्नही विभागात निघतोच.

लेखाशाखा

करार आणि पैसे एकाच कागदात घातलेत, म्हणून गाडी अडली आहे. दोन वेगळे कागद करा.

पहिला, सामंजस्य करार. त्यात एक रुपयाही नको. उद्देश, मुदत (तीन वर्षं घाला, एक वर्ष घातलं की नूतनीकरणातच जातं), माहितीची देवाणघेवाण, प्रत्येकाचा समन्वयक पदनामाने. नावाने कधीच नको, बदली झाली की करार अनाथ होतो. विद्यापीठाकडून सही कुलसचिवांची लागते. विभागप्रमुखाच्या सहीचा करार पुढे कोणी मानत नाही. आर्थिक भार शून्य असेल तर वित्त विभागाला त्यात शेरा मारण्यासारखं काही उरत नाही.

दुसरा, कार्यादेश. तो जि.प.ने विद्यापीठाच्या नावे काढावा आणि तुमचं कॉलेज त्यात सहयोगी म्हणून दाखवावं. खासगी संस्थेला निविदेविना नऊ लाखांचं काम थेट दिलं की स्थानिक निधी लेखापरीक्षेचा आक्षेप ठरलेला. कार्यकारी अभियंता हे जाणतात, म्हणून सही करत नाहीत. हेतूत खोट नसते.

आता जि.प.तली टिप्पणी, म्हणजे मंजुरीसाठी वर जाणारा कागद. ती उपअभियंता, कार्यकारी अभियंता, मुख्य लेखा व वित्त अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी अशी चढते आणि नव्वद टक्के वेळा तिसऱ्या टेबलावर थांबते, कारण टिप्पणीत लेखाशीर्षच (खर्च कोणत्या निधीतून, ते) नसतं. 'निधी उपलब्धतेनुसार' लिहून भागत नाही. सेस फंड (जि.प.चा स्वतःचा निधी), किंवा जिल्हा वार्षिक योजनेतली नावीन्यपूर्ण योजना, किंवा त्याच योजनेतला मूल्यमापनाचा निधी, यांपैकी एक नक्की करा आणि टिप्पणीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहायला सांगा. तुमचं काम मूल्यमापनात चपखल बसतं.

करसल्लागार_संभाजीनगर

वरच्यांनी जीएसटी सोडला, आणि कॉलेजच्या व्यवस्थापनाची खरी भीती तीच असते. जिल्हा परिषद ही स्थानिक प्राधिकरण आहे आणि पिण्याचं पाणी अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींकडे सोपवलेल्या विषयांत येतं. अशा कामासाठी दिलेली निव्वळ सेवा १२/२०१७ या अधिसूचनेखाली करमुक्त आहे. सेवेसोबत वस्तूही देत असाल (दाबमापी, जलमापक), तर वस्तूंचं मूल्य एकूण रकमेच्या २५ टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे. बिलावर अधिसूचनेचा उल्लेख करा, नाहीतर लेखा विभाग १८ टक्क्यांची चौकशी करत बिल परत पाठवतो.

एक खाचखळगा: हेच काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणासाठी (राज्याची पाणीपुरवठा यंत्रणा) केलंत तर ही सूट धरता येत नाही. शासकीय प्राधिकरणं १ जानेवारी २०२२ पासून त्यातून वगळली आहेत. म्हणजे कार्यादेश कोणाच्या लेटरहेडवर निघतो यावर कर ठरतो.

दुसरं, पॅन. खासगी कॉलेजचा पॅन बहुधा संस्थेचा असतो. रक्कम संस्थेच्या मुख्य खात्यात जाते, टीडीएसही तिच्याच नावे दिसतो, आणि तिथून विभागापर्यंत पैसे यायला नवा ठराव लागतो. हा ठराव आधीच करून ठेवा: प्रकल्पासाठी स्वतंत्र बँक खाते, सही प्राचार्य आणि प्रकल्पप्रमुखांची, संस्थेचा वाटा अमुक टक्के. आकडा काहीही असो, लिहिलेला असावा.

पाणीपुरवठा_अभियंता

क्रमाइतकंच वेळेचं बघा, ते कोणी सांगत नाही. टंचाई आराखड्याचे तीन टप्पे असतात: ऑक्टोबर–डिसेंबर, जानेवारी–मार्च, एप्रिल–जून. एप्रिल ते जून आमच्या विभागात टँकरशिवाय दुसरा विषय नसतो, त्यात मे महिन्यात बदल्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नवं बिल कोणी हातात घेत नाही. तुमच्याकडे ऑक्टोबर–नोव्हेंबर आणि एप्रिल–मे परीक्षा. दोन्हीकडे मोकळे राहतात ते जुलै–सप्टेंबर आणि डिसेंबर–फेब्रुवारी. तेव्हा टिप्पणी जुलैत, कार्यादेश सप्टेंबरअखेर, गावातलं काम डिसेंबर ते फेब्रुवारी, बिल १० मार्चच्या आत. उद्भवाची मे महिन्यातली पातळी हवीच असेल तर ती एक फेरी वेगळी ठेवा आणि तिचं बिल पुढच्या आर्थिक वर्षात धरा. निवडणूक आचारसंहितेची तारीख कोणाच्या हातात नाही, पण कार्यादेश निघून गावात काम आधीच प्रत्यक्ष सुरू झालं असेल तर ते थांबत नाही; नुसता कार्यादेश पुरत नाही.

माहिती मागताना 'सर्व उपलब्ध माहिती द्यावी' असं लिहू नका, त्यावर काहीच येत नाही. कागदाचं नाव लिहा: योजनेचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, पंपाची लॉगबुक, टँकरच्या फेऱ्यांची नोंद, ग्रामपंचायतीची वीजबिलं. विहिरींच्या पातळ्या आमच्याकडे नसतात. त्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडे मिळतील; निरीक्षण विहिरी ते वर्षातून चार वेळा मोजतात.

आणि अभियंत्यांना खरी धास्ती अहवालाची असते. 'शेवटच्या २० घरांना पाणी पोचत नाही' हे वाक्य उद्या विधिमंडळाच्या पंचायत राज समितीपुढे आमच्याच विरोधात वाचलं जातं. करारात कलम घाला: मसुदा जि.प.ला ३० दिवस अभिप्रायासाठी, वस्तुस्थितीतली चूक दुरुस्त होईल, निष्कर्ष बदलणार नाहीत, ३० दिवसांनी अभिप्राय नसला तरी प्रसिद्धीला मोकळीक. यात दोघांचीही अब्रू राहते. हे कलम नसलेले अहवाल कपाटातच राहतात.

विद्यापीठ_कट्टा

श्रेयाबद्दल. यूजीसीच्या २०१८च्या विनियमांतल्या संशोधन गुणतक्त्यात (निवड-बढतीला हेच गुण धरतात) १० लाखांवरच्या पूर्ण प्रकल्पाला १० गुण, त्याखालच्याला ५, सल्लासेवेला ३. संयुक्त प्रकल्पात प्रमुख आणि सहसंशोधक यांना निम्मे-निम्मे. म्हणजे तुमच्या ९ लाखांत प्रत्येकी अडीच. सहकार्य करा म्हणायचं आणि केलं की गुण वाटून टाकायचे, असा हा कारभार. निदान मंजुरीपत्रात 'प्रायोजित संशोधन प्रकल्प' असे शब्द आणि दोघांची नावं येऊ द्या. 'सल्लासेवा' लिहिलं की गोष्ट तीन गुणांवर येते. (करारात पदनाम, मंजुरीपत्रात नाव. दोन्हींची गल्लत नको.)

विद्यार्थ्यांचं सोपं आहे. नव्या शैक्षणिक धोरणातल्या पदव्युत्तर रचनेत कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्र प्रकल्पाला ४ श्रेयांक (क्रेडिट) आहेत, म्हणजे १२० तास. सर्वेक्षण त्यात बसवलं तर हजेरीचा वाद राहत नाही. अभ्यास मंडळाची बैठक सत्र सुरू होण्याआधी गाठा. घरोघरची माहिती घेणार असाल तर नैतिकता समितीची मान्यताही तेव्हाच घ्या, नंतर मागच्या तारखेने ती मिळत नाही.

लेखाशाखा

एक राहिलं, उपकरणं. विद्यापीठाच्या पैशाने घेतलेला दाबमापी कॉलेजात राहणार असेल, तर नोंद विद्यापीठाच्या जडवस्तू नोंदवहीत आणि कॉलेजकडून ताबा पावती. प्रकल्प संपल्यावर तो कोणाचा, हे कार्यादेशातच लिहा. आणि कॉलेजचा हिस्सा आगाऊ देऊ नका. प्रत्येकी दहा गावांचे चार टप्पे करा, टप्प्याच्या बिलावर पैसे. आगाऊ दिलेल्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) कॉलेजकडून लांबलं की विद्यापीठाचा पुढचा हप्ताही अडतो.

सिव्हिल_स्टाफरूम

सर्वांचे आभार. पण विद्यापीठामार्फत गेलो तर कुलसचिव कार्यालयात दोन-तीन महिने सहज जातील. थेट कॉलेज आणि जि.प. असा काही मार्ग आहे का?

विद्यापीठ_कट्टा

आहे. उन्नत महाराष्ट्र अभियान. उच्च व तंत्रशिक्षण विभागाने २०१६ मध्ये सुरू केलं, त्यामागे आयआयटी मुंबई आहे, आणि ते नेमकं यासाठीच: अभियांत्रिकी कॉलेजांनी जिल्हा प्रशासनाची कामं अभ्यासायची. जलयुक्त शिवारच्या कामांचं त्रयस्थ मूल्यमापनही कॉलेजांनी या मार्गाने केलं आहे. तुमचं कॉलेज त्यात नोंदलेलं आहे का, हे प्राचार्यांना विचारा. असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातून जि.प.ला पत्र काढून घ्या आणि टिप्पणीला पहिलं सहपत्र म्हणून तेच लावा. पर्यावरणशास्त्र विभागाला मग फक्त पाण्याच्या नमुन्यांपुरतं ठेवा, चाचणीमागे ठरलेल्या दराने. त्याला करार लागत नाही, विभागाचं दरपत्रक पुरतं.