मदत हवी आहे: स्टिअरिंगमधून टक् आवाज, शनिवारी आंबा घाट उतरायचाय

खड्डेबुजवा
वळवताना टक् होतं. स्टिअरिंग बोटभर फिरलं तरी चाकं ढिम्म. अलाइनमेंट दोनदा केलं. गॅरेजवाला म्हणतो, अख्खा कॉलम, म्हणजे स्टिअरिंगखालचा दांडा, बदला. कोल्हापूरहून रत्नागिरीला लग्नाला जायचंय, लवकर सांगा.

नटबोल्ट
गाडी कोणती? किती पळालीय? पॉवर स्टिअरिंग तेलाचं की इलेक्ट्रिक? उभ्या गाडीतही वाजतं का?

घाटवाणी
टायर बदला. माझा आवाज टायर बदलल्यावरच गेला.

नटबोल्ट
टायरनं प्ले, म्हणजे स्टिअरिंगचा ढिलेपणा, जातो होय? काहीही.

खड्डेबुजवा
गाडीचं नाव सांगितलं की सगळे कंपनीवर घसरतात. 2013ची पेट्रोल हॅचबॅक, 91 हजार, इलेक्ट्रिक. उभ्यानंही वाजतं.

मुंबईकर83
तेलाची पातळी बघा. माझा पाइप गळत होता.

जुनाफिटर
अहो, इलेक्ट्रिक आहे म्हणतायत ना, तेल कुठलं? खड्डेबुजवा, चाकं सरळ, जमिनीवरच. इंजिन बंद, पण किल्ली फिरवून स्टिअरिंग लॉक सोडा. कुणाला तरी स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही पेडलांपाशी डोकं घालून टॉर्च मारा आणि खालचा क्रॉस, म्हणजे दोन काट्यांमधला फिरता सांधा, मुठीत धरा. वरचा काटा फिरला आणि खालचा मागाहून आला, तर क्रॉस गेला. दोन्ही एकदम फिरले तर चोर खाली आहे: चाक जॅकवर घेऊन नऊ-तीनवर धरून हलवा, टायरॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक, बोलेल. स्टिअरिंग वर-खाली पण दाबून बघा, डुगडुगलं तर कॉलमचे बोल्ट किंवा स्टिअरिंग वर-खाली करायचा टिल्टचा खटका.

घाटवाणी
आंब्यापेक्षा गगनबावड्यानं जा.

नटबोल्ट
रत्नागिरीला बावड्यानं? राजापूर बघून येणार काय?

खड्डेबुजवा
बायकोला बसवून केलं. खालचा काटा जरा थांबून येतो, बोटाला कट् लागतो. हाताला तांबडी पूड. हा सुटा मिळतो का?

जुनाफिटर
गंजला बिचारा. कॉलमपासून खाली जाणारा मधला शाफ्ट क्रॉससकट बऱ्याच गाड्यांना सुटा मिळतो, चासी नंबर देऊन विचारा. काढताना खुणा करा आणि स्टिअरिंग सीटबेल्टनं बांधून ठेवा. मोकळं गरगरलं तर आतली एअरबॅगची पट्टी तुटते, हॉर्नही जातो. तोवर घाट नको.

खड्डेबुजवा
पण लग्न शनिवारीच आहे हो!

घाटवाणी
एसटी आहे की. टायरचं मात्र बघा.